केंद्रातील खो-खो साखळी : कौशल्यवर्गांची रचना

खेळाच्या तासाचा हेतू सर्व मुलांना खेळविणे हा होय. परंतु शालेय सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. आठ संघ उतरले, तर सात सामन्यांत विजेता ठरतो खरा. पण चार संघ एकच सामना खेळून परततात. जे संघ आधीच दुर्बल, त्यांनाच सरावाची संधी सर्वांत कमी मिळते. कोरपना तालुक्यातील लहान पटाच्या शाळांतील मूल एकदा असे हिरमुसले, की पुढल्या वर्षी ते मैदानाकडे फिरकत नाही.

खो-खोच्या नियमांना १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात पहिले रूप मिळाले. २०२५ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. दोन खांब व आखणीची फक्की एवढ्यावर भागणारा हा खेळ खेड्यातील शाळेस सर्वथा सोयीचा आहे.

वर्गवारी. वर्गवारी वयावर न करता कौशल्यावर करावी. अमेरिकेत रूढ झालेल्या डिस्क गोल्फ या तबकडीफेकीच्या खेळातही स्पर्धकांचे असेच वर्ग पाडतात. शिक्षकाने प्रत्येक मुलास तीन वेळा धावण्यास सोडावे, ते किती सेकंद बाद न होता टिकले हे नोंदवावे व तीनपैकी मधला आकडा धरावा. ४, १९ व ११ सेकंद अशी नोंद असल्यास ११ धरावेत. पाठलाग करणारे गडी सर्वांसाठी तेच असावेत. मात्र दम लागलेल्या गड्यांसमोर धावणाऱ्यास अवाजवी लाभ होतो, म्हणून मध्ये विश्रांती द्यावी. वर्गांना ‘पहिला’ व ‘दुसरा’ म्हणू नये. ‘वर्धा’ व ‘पैनगंगा’ अशी नद्यांची नावे द्यावीत.

संघ व वेळापत्रक. मैदानात नऊ गडी लागतात. एका शाळेत तेवढे नसल्यास शेजारच्या दोन शाळांचा मिळून एक संघ करावा. आठ संघांची एकच साखळी केल्यास २८ सामने होतात. ते पार पडणे कठीण. चार-चार संघांचे दोन वर्ग केल्यास प्रत्येक वर्गात ६, म्हणजे एकूण १२ सामने पुरतात आणि प्रत्येक संघास तीन सामने निश्चित मिळतात. एका वर्गाच्या फेऱ्या अशा लावाव्यात :

पहिली फेरी : १ विरुद्ध ४, २ विरुद्ध ३
दुसरी फेरी : १ विरुद्ध ३, ४ विरुद्ध २
तिसरी फेरी : १ विरुद्ध २, ३ विरुद्ध ४

फेऱ्या शनिवारी सकाळी ठेवाव्यात. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीस भेगा पडतात. त्या बुजविल्याखेरीज मुलांना धावू देऊ नये. कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या कामामुळे मुले गैरहजर राहतात. तारखा ठरविण्यापूर्वी पालकांशी बोलावे.

गुण व नियम. विजयास दोन, बरोबरीस एक गुण द्यावा. नऊ मिनिटांची पाळी लहान मुलांस जड जाते. ती पाच मिनिटांची ठेवावी. धावणारे तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. पहिली तुकडी तरबेज असली, तर शेवटचे तिघे रांगेतच उभे राहतात. यास्तव दुसऱ्या डावात तुकड्यांचा क्रम उलटा लावणे बंधनकारक करावे.

वर्गबदल. साखळी संपल्यावर पूर्वीचीच चाचणी पुन्हा घ्यावी. पैनगंगा वर्गातील ज्यांचा आकडा वाढला, त्यांना वर्धा वर्गात घ्यावे व तितकेच गडी तिकडून इकडे आणावेत. हा बदल फलकावर लावू नये. प्रत्येकास जवळ बोलावून सांगावा. खाली आलेल्या मुलास आपली हकालपट्टी झाली असे वाटता कामा नये. नव्या संघात लहानांना खो देण्याची रीत शिकविण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.

वर्षअखेर ढाल कोणत्या शाळेकडे गेली, यापेक्षा किती मुले तिन्ही फेऱ्या खेळली, हा आकडा शिक्षकाने अधिक मोलाचा मानावा.

स्वाध्याय : १. आपल्या केंद्रात सहाच संघ असल्यास एका साखळीत किती सामने होतील? तीन-तीन संघांचे दोन वर्ग केल्यास किती? २. आपल्या शाळेतील जी मुले गेल्या वर्षी एकही सामना खेळली नाहीत, त्यांची यादी करावी.