मोहरीच्या रोपावरील किडींची ओळख : डोळे, पाय आणि शृंगिका

मोहरीची रोपे कोवळी असताना पानांवर छिद्रे दिसू लागली की ‘अळी पडली’ असे समजून फवारणी केली जाते. प्रत्यक्षात ही छिद्रे करवती माशीची अळी, फुलपाखरू वा पतंगाची अळी किंवा पिसू भुंगेरा यांपैकी कोणाचीही असू शकतात. हे तिघे वेगवेगळ्या गणांतील असल्याने एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

करवती माशी (अथॅलिया ल्युगेन्स प्रॉक्झिमा) ही नावाने माशी असली, तरी मधमाशी व गांधीलमाशी यांच्या हायमेनॉप्टेरा गणातील आहे. मादी करवतीसारख्या अंडनिक्षेपकाने पानाची कड चिरून आत अंडी घालते. तिची गडद हिरवट-काळी अळी फुलपाखराच्या अळीसारखीच दिसते. मात्र भिंगातून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. करवती माशीच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस एकच साधा डोळा असतो; फुलपाखराच्या अळीला सामान्यतः सहा असतात. पहिलीच्या पोटावर मांसल पायांच्या आठ जोड्या, तर दुसरीच्या पाच किंवा त्याहून कमी असतात. स्पर्श होताच करवती माशीची अळी वेटोळे करून खाली पडते.

पिसू भुंगेरा कोलिऑप्टेरा गणातील आहे. त्याच्या मागील मांड्या फुगीर असून तो धक्का लागताच उडी मारतो. शृंगिकांवरील (मिशांवरील) सूक्ष्म संवेदी केसांनी तो गंध ओळखतो. मोहरीच्या उग्र वासास कारणीभूत असणारे ॲलिल आयसोथायोसायनेट इतर अनेक किडींना परावृत्त करते; पिसू भुंगेऱ्याला मात्र ते आपल्या पिकाचा पत्ता देते.

या फरकाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. फुलपाखरू-पतंगांच्या अळ्यांसाठी वापरले जाणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी हे जैविक कीटकनाशक करवती माशीच्या अळीवर प्रभावी ठरत नाही. तिच्यासाठी उन्हाळी खोल नांगरट, रोपावस्थेत ओलित आणि सकाळ-संध्याकाळी अळ्या वेचून नष्ट करणे हे उपाय उपयुक्त आहेत. ओळख चुकल्यास खर्च वाया जातो आणि तोवर रोपे निष्पर्ण होतात.

अलवर, भरतपूर, रेवाडी या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील मोहरीपट्ट्यांना हा विषय विशेष लागू पडतो. नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा राष्ट्रीय पूसा संग्रह अशा ओळखीचा आधार आहे. संस्थेची स्थापना 1905 मध्ये बिहारमधील पूसा येथे झाली. 1934 च्या भूकंपानंतर 1936 मध्ये ती दिल्लीस आली. संग्रहातील लाखो नमुन्यांशी तुलना करून तज्ज्ञ प्रजाती निश्चित करतात.

शंका असल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी अळी गरम पाण्यात बुडवून 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. पीक, गाव व दिनांक लिहिलेली चिठ्ठी आत घालून नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावा. कीड कोणती हे ठरल्यावरच औषधाची निवड करावी.