बाळाचा घास घट्टच हवा

६ महिने पूर्ण झालेल्या बाळाला तपासताना मी आईला हमखास विचारते, "वरचं काय देता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "डाळीचं पाणी, भाताची पेज, कधी भाजीचं सूप." सगळं घरचं, ताजं आणि मायेनं केलेलं असतं. तरीही वजनाचा काटा अडून बसतो, कारण त्या वाटीत अन्न कमी आणि पाणीच जास्त असतं.

पहिले ६ महिने आईचं दूध पुरेसं असतं. पुढेही ते २ वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त काळ चालू ठेवायचंच असतं, पण तेवढ्यावर आता भागत नाही. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. बाळाचं जठर मात्र इवलंसं. वजनाच्या दर किलोमागे त्यात सुमारे ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे ७ किलोच्या बाळाचं पोट एका वाटीत गच्च भरतं. ती वाटी डाळीच्या पाण्यानं भरली की बाळ तृप्त दिसतं, दूधही कमी पितं आणि अंगी काहीच लागत नाही.

म्हणून घास चमच्यावर पारखा. चमचा तिरका केल्यावर खिमट ओघळून गेलं तर ते पातळ. चमच्यावर टिकलं आणि हळूच खाली पडलं तर ते बाळासाठी योग्य.

खिमटाची कोरडी तयारी आधीच करून ठेवता येते. ३ वाट्या तांदूळ आणि १ वाटी मूगडाळ धुऊन, कपड्यावर वाळवून, मंद आचेवर खमंग भाजा आणि रवाळ दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दर वेळी २ मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता शिजवा. फार घट्ट वाटलं तर थोडं पाणी वाढवा. वरून चमचाभर साजूक तूप घाला. त्या एका चमच्यातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात आणि घासही मऊसूत होतो. त्यातच कधी पालक, कधी लाल भोपळा, कधी गाजर शिजवून कुस्करा.

नाचणी तर आपल्या घरात असतेच. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. मात्र सत्त्व काढताना नाचणी वाटून गाळतात. तळाशी बसतं ते मुख्यतः पिष्ट, आणि बरंचसं लोह व प्रथिनं चोथ्याबरोबर जातात. त्यापेक्षा मोड आलेल्या नाचणीचं पीठ सरस. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, चांगली वाळवा, तव्यावर हलकी गरम करून दळा आणि वस्त्रगाळ न करता बारीक चाळणीनं चाळा. मोड आल्यामुळे लोह शोषायला अडथळा करणारे घटक कमी होतात. शिवाय या पिठात पिष्ट विरघळवणारं विकर तयार होतं. घट्ट शिजलेलं खिमट कोमट झाल्यावर त्यात या पिठाचा एक चमचा घालून ढवळा. थोड्या वेळात ते पाणी न घालताच सैल होतं. मग एक उकळी आणून भरवा. बाळाला गिळायला सोपं आणि कॅलरी तेवढ्याच. पीठ फार भाजलं तर मात्र हा गुण जातो.

लोहाची काळजी सर्वांत मोठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ६ महिने ते ५ वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतो. घरात चालत असेल तर नीट शिजवलेलं अंडं, मासा, बारीक वाटलेलं मटण किंवा कलेजी सातव्या महिन्यापासून द्या. शाकाहारी घरात डाळी आणि पालेभाजीच्या घासावर लिंबाचे २ थेंब पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. आशाताई किंवा डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते टाळू नका.

सुरुवातीला २-३ चमचे दिवसातून दोनदा पुरे. हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जा. नवव्या महिन्यापासून ३-४ वेळा भरवा आणि मिक्सर बाजूला ठेवून चमच्यानं किंवा हातानं कुस्करा. गोळे चावण्याची सवय या वयात लागली नाही तर पुढे मुलं नुसतंच गिळत राहतात. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, फक्त तिखट कमी.

काही गोष्टी मात्र ठाम टाळा. वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. उष्टावणाला चाटवायची पद्धत असली तरी नकोच. वर्षापर्यंत मीठ-साखर-गूळ नको, गाईचं दूध मुख्य पेय म्हणून नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं घशात अडकतात. शेंगदाण्याचं बारीक कूट मात्र खिमटात मिसळून चालतं. बाटलीचा वापर नको, वाटी-चमचाच बरा. हात साबणानं धुवा, उष्टं उरलं तर टाकून द्या.

बाळानं तोंड फिरवलं तर जबरदस्ती करू नका. तोच पदार्थ चार दिवसांनी पुन्हा द्या. आणि दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्या. सलग दोन महिने रेषा वर सरकली नाही, तर घास पुरेसा घट्ट आहे का ते पाहा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा.