समुद्रावरची धावपट्टी आणि अकरावीचे गणित

विमानवाहू नौकेवर उतरणारा वैमानिक चाके डेकला टेकताच इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. शेपटाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला, तर विमान जेमतेम ९० मीटरमध्ये थांबते. हुकला, तर लगेच पुन्हा उडावे लागते. ११ जानेवारी २०२० रोजी नौदलाचे तेजस ‘विक्रमादित्य’वर असेच प्रथम उतरले. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर.

ब्रिटनकडून घेतलेली पहिली ‘विक्रांत’ १९६१ ते १९९७ सेवेत होती. त्याच नावाची, कोचीत बांधलेली २६२ मीटर लांबीची नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. तोवर वैमानिकाविना उडणारी विमानेही डेकवर पोहोचली होती: जुलै २०१३ मध्ये अमेरिकेचे एक्स-४७बी विमानवाहू नौकेवर आपले आपण उतरले. भारतीय नौदलाची मोठी ड्रोन मात्र किनाऱ्यावरच्या तळांवरून उडतात. ड्रोन आले म्हणजे माणसांची गरज संपली, ही पालकांची भीती अनाठायी आहे. ते जमिनीवरून चालवणारे, रडारची चित्रे वाचणारे, इंजिन उघडून दुरुस्त करणारे हात लागतातच.

नाशिकला हे क्षेत्र परके नाही. ओझरच्या एचएएलमध्ये मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने बनली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या तेजसने उड्डाण केले. नाशिकमधल्याच गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे वैमानिक शिकतात.

या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलांची गाडी अडते ती अकरावीच्या प्रवेशअर्जावर. मेडिकलच्या ओढीने गणित सोडले, की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) नौदलात जाण्याची वाट बंद होते, कारण तिथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. निर्णय होत नसेल, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावे. ओझे वाढते, पण वाट उघडी राहते. एनडीएच्या ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत ३०० गुण एकट्या गणिताचे असतात. त्यापुढे सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत. मुलींना एनडीएतील प्रशिक्षण २०२२ पासून खुले आहे. तयारीसाठी राज्य शासनाची संस्था मुलांकरिता छत्रपती संभाजीनगरला, तर मुलींकरिता खुद्द नाशिकला आहे. जेईई मेनच्या गुणांवर एळिमला येथील नौदल अकादमीत बी.टेक.साठीही अर्ज करता येतो.

ड्रोन चालवण्याचे डीजीसीएचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना मिळू शकते. द्राक्षबागेतील फवारणी किंवा जमिनीची मोजणी यासाठी ते उपयोगी पडते; नौदलाच्या भरतीत मात्र ते लेखी परीक्षेची किंवा एसएसबीची जागा घेत नाही.