हृदय-फुप्फुस यंत्र आणि रक्ताचे गोठणे



डेंग्यूच्या तापामुळे 'प्लेटलेट' हा शब्द आपल्या मुर्धा गावी घरोघर परिचित झाला आहे. शास्त्रीय मराठीत यांस रक्तपट्टिका म्हणतात. ताप नसतानाही हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्या कमी का होतात, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने वर्गात केला. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

निरोगी मनुष्याच्या एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे दीड ते चार लाख रक्तपट्टिका असतात. खाडीच्या बांधास भगदाड पडले म्हणजे गावकरी प्रथम दगडमाती टाकून ते बुजवितात. रक्तवाहिनीस जखम होताच रक्तपट्टिका तसेच करितात. तेथे चिकटून, एकमेकींस धरून त्या भोक बंद करितात. मागून फायब्रिन नामक तंतूंचे जाळे त्यांवर विणले जाते व गुठळी पक्की होते.

हृदय उघडून शिवावयाचे तर बहुधा ते काही काळ थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त नळ्यांवाटे बाहेर आणून, त्यास प्राणवायू देऊन, पंपाने शरीरात परत सोडतात. अशा यंत्राच्या साह्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे केली. त्या वेळी २६ मिनिटे हृदय व फुप्फुसे यांचे सर्व काम यंत्राने केले. आपल्या मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तथापि पुढील वैद्यांस वाट दिसली.

परंतु यंत्राची नळी म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. परका पृष्ठभाग लागताच रक्त जणू जखम झाली असे समजून गोठू पाहते. म्हणून आरंभीच हेपारिन नावाचे औषध देऊन गोठणे रोखतात. तरीही कित्येक रक्तपट्टिका नळ्यांस चिकटतात, कित्येक पंपाच्या घुसळणीने फुटतात. शिवाय यंत्रात भरलेल्या द्रवाने रक्त पातळ होते. त्यामुळे त्यांची संख्या पुष्कळदा निम्म्यापर्यंत उतरते. उरलेल्यांनी आपली शक्ती अगोदरच खर्च केलेली असते. शरीर थंड ठेविले असल्यास त्या अधिकच मंदावतात. यंत्रावरील काळ दोन-तीन तासांपलीकडे लांबला की हे दोष वाढतात आणि रक्तस्रावाचे भय उत्पन्न होते.

शेवटी प्रोटामिन देऊन हेपारिनचा प्रभाव उतरवितात. हे औषध मूळ सामन माशापासून मिळते, हे ऐकून आपल्या कोळी बांधवांस कौतुक वाटेल. मात्र खर्ची पडलेल्या रक्तपट्टिका त्याने परत येत नाहीत. शरीर त्या काही दिवसांत नव्याने घडविते. पण तोवर रक्तस्राव न थांबल्यास दुसऱ्या मनुष्याने दिलेल्या रक्तपट्टिकाच कामी येतात. त्या २० ते २४ अंश उष्णतेत, सतत हलवीत ठेवाव्या लागतात व साधारणतः पाचच दिवस टिकतात. अर्थात त्यांचा मोठा साठा करून ठेविता येत नाही.

म्हणून पालकहो, रक्तदान हे वर्षातून एकदा करावयाचे समारंभाचे काम नव्हे. दात्यांची गरज नित्य असते. आणि मुलांनो, अठरा वर्षे पूर्ण झाली व प्रकृती धड असली म्हणजे हा धडा आठवा, एवढीच आमची विनंती आहे.