फवारणीला जाताना

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आता काही शेतांत इंजिनावर स्वतः चालणारा छोटा फवारणी पंप आला आहे. पाठीवरचे ओझे गेले, विष गेले नाही. (आपण त्याला 'औषध' म्हणतो, तीच चूक.) नोझल पुढे आणि माणूस मागे असेल, तर आपण फवाऱ्यातूनच चालतो. मास्क, हातमोजे मालकाकडे मागा, लाज कसली? वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. घरी येताच साबणाने अंघोळ करा. कपडे वेगळे धुवा, नाहीतर धुणारीच्या हाताला तेच विष लागते. मळमळ, लाळ, अंधुक दिसणे सुरू झाले, की विषाची बाटली सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा.