रायफल शेवटी घ्या : कमी खर्चात 10 मीटर नेमबाजीची सुरुवात

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले आणि कोल्हापुरात पालकांचे फोन सुरू झाले. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘रायफल कितीला मिळते?’ उत्तर ऐकून निम्मे पालक तिथेच थांबतात, कारण वाल्थर किंवा फाइनवर्कबाऊसारखी परदेशी मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. उरलेल्यांपैकी काही कर्ज काढून ती घेतात आणि सहा महिन्यांत मुलाची आवड दुसरीकडे वळते. दोघांचीही चूक एकच. रायफल हा खर्चाच्या यादीतला शेवटचा आकडा आहे, तो त्यांनी पहिला धरला. तालमीत नवख्याला पहिल्या दिवशी कुस्ती देत नाहीत, आधी जोर-बैठका देतात. इथेही क्रम तोच.

खालची कृती 10 मीटर एअर रायफलची आहे. स्वप्नीलचा प्रकार 50 मीटर थ्री पोझिशनचा. त्यात पॉइंट टू टू रायफल, तिचा परवाना आणि दर सरावाला महागडी काडतुसे लागतात, म्हणून ती नंतरची पायरी.

काय लागेल

लगेच : रेंजची फी, पॅलेटचा म्हणजे छऱ्यांचा एक डबा (बहुधा 500 नग), सपाट तळाचे बूट, टोपी, ब्लाइंडर, डायरी.

तीन-चार महिन्यांनी : हातमोजा आणि जॅकेट, शक्यतो वापरलेले.

वर्षभराने, गुण मागणी करू लागले तर : रायफल.

1. आधी रेंज शोधा

कोल्हापुरात दुधाळीची रेंज जुनी. तेजस्विनी सावंत प्रशिक्षक जयसिंग कुसाळे यांच्याकडे तिथेच घडल्या आणि 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनच्या विश्वविजेत्या झाल्या. शहरातल्याच संभाजीनगर भागातल्या विभागीय क्रीडा संकुलातही रेंज आहे. शिवाय खासगी अकादमी आहेत. प्रवेश घेण्याआधी एक सायंकाळ नुसते बसून पाहा आणि चार गोष्टी विचारा : क्लबची रायफल वापरायला मिळते का, एका रायफलीवर किती मुले, पॅलेट फीमध्ये धरले आहेत का, आणि प्रशिक्षक लेनच्या मागे उभे राहतात की ऑफिसात बसतात. क्लबची रायफल मिळत असेल तर तुमचे दोन लाख निदान वर्षभर वाचले.

2. फुकटाच्या वाटा तपासा

शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. तिथे फायरिंग शिकवतात. राही सरनोबत यांची बंदुकीशी पहिली गाठ शाळेच्या एनसीसीतच पडली, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. दुसरी वाट राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची. शिक्षकाचा मुलगा असलेला स्वप्नील 2009 मध्ये याच वाटेने गेला आणि नाशिकला नेमबाजीकडे वळला. निवड-चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा.

3. सुरक्षेचे नियम पाठ करा

प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे समजून हाताळा. नळीचे तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. ‘स्टॉप’ ऐकताच थांबा. लेनच्या पुढे कोणी असेल तर रायफलीला हात लावू नका. खाली ठेवताना ब्रीच उघडी आणि नळीत सेफ्टी फ्लॅग. पॅलेट शिशाचे असतात, म्हणून लेनवर वडापाव नाही, आणि घरी निघण्याआधी साबणाने हात धुवायचे. रेंजबाहेर, शेतात, पाखरांवर एअरगन चालवणे हा खेळ नव्हे. त्यात गुन्हा दाखल होऊ शकतो.

4. कोणता डोळा, ते ठरवा

दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचा एक ठिपका तिच्यातून पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ठिपका दिसत राहतो तो तुमचा नेमाचा डोळा. तो उजवा असेल तर रायफल उजव्या खांद्याला. दुसरा डोळा मिटून धरू नका, चेहरा ताणला जातो. टोपीला किंवा साइटला अपारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे ब्लाइंडर, लावा. नियमाने तिची रुंदी 30 मिलिमीटरपर्यंत चालते. घरी कापलेली पट्टीही तेच काम करते.

5. टेकून मारा

पहिले काही दिवस टेबलावर वाळूची पिशवी ठेवून रायफल तिच्यावर टेकवा. मागच्या डायॉप्टरच्या छिद्रातून पुढची रिंग मधोमध दिसावी, आणि रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल मधोमध बसावा. गोलाभोवती पांढरी कडा सगळीकडे सारखी. नजर रिंगवर ठेवा. पाच शॉट मारा आणि गुण न मोजता ग्रुप पाहा. पाचही छिद्रे एकमेकांना चिकटून डावीकडे पडली असतील तर तुम्ही बरोबर, साइट चुकीची : डायॉप्टर उजवीकडे सरकवा, शॉट उजवीकडे येतील. छिद्रे विखुरलेली असतील तर साइटला हात लावू नका.

6. उभे राहायला शिका

पाय खांद्याइतके रुंद, शरीर टार्गेटला आडवे. डावे कोपर डाव्या कमरेच्या हाडावर टेकवा. साडेपाच किलोपर्यंतच्या रायफलीचे वजन दंडाने नाही, हाडांनी पेलायचे. पोझिशन घेतली की डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नळी शेजारच्या टार्गेटकडे वळलेली दिसली तर हातांनी ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढलेला नेम ट्रिगर सुटताच परत जातो.

7. एक शॉट, एकच क्रम

रायफल खांद्याला, गाल स्टॉकवर. श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. ट्रिगरचा पहिला टप्पा दाबा आणि मग हळूहळू दाब वाढवा. सहा ते आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद नेम धरून ठेवा. ट्रिगर हिसडू नका : 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

8. घरी ड्राय करा

ड्राय म्हणजे पॅलेट न भरता नेम धरून ट्रिगर दाबण्याचा सराव; होल्डिंग म्हणजे ट्रिगर न दाबता नुसता नेम धरून ठेवणे. पैसे खरे वाचतात ते इथे. रेंजवर दिवसाला 75 पॅलेट गेले तर 500 चा डबा आठवडाभरात संपतो. घरच्या सरावाला काहीच खर्च नाही. रायफल मिळत असेल तर ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करा आणि पॅलेट दुसऱ्या खोलीत ठेवा. काळा गोल 10 मीटरवर 30.5 मिलिमीटर असतो, म्हणून 5 मीटरवरच्या भिंतीला 15.25 मिलिमीटरचा काळा गोल चिकटवा, जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर. रोज 20 मिनिटे होल्डिंग आणि ड्राय पुरेसे. मात्र स्प्रिंगची देशी एअर रायफल रिकामी चालवू नका, पिस्टन खराब होतो. तिच्यावर फक्त होल्डिंग.

9. डायरी लिहा

तारीख, शॉटची संख्या, ग्रुप कुठे पडला, पाठ कुठे दुखली, कोणत्या शॉटआधी मन भरकटले. प्रशिक्षकाला दहा मिनिटे दिसते ते डायरीत महिनाभराचे दिसते.

10. स्पर्धेला उतरा, मग खरेदी करा

चार-सहा महिन्यांत शालेय किंवा जिल्हा स्पर्धेत नाव द्या. देशी रायफलीवाल्यांसाठी ओपन साइटचा वेगळा गट असतो, त्यात लाज नाही. पुढे राज्य स्पर्धा, मग मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष होते; त्यांच्या नावाची ही स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी आहे. मोठ्या सामन्यात 60 शॉट असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे एकूण 654.

क्लबच्या रायफलीवर सरासरी दहाच्या आसपास टिकू लागली की खरेदीचा विचार करा. शस्त्र नियम 2016 नुसार 0.177 इंचापर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही; मॅच रायफलीची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. ओळखपत्र आणि पक्के बिल मात्र हवेच. वापरलेली रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा, तो रात्रभर भरून ठेवून दाब उतरतो का ते पाहा, आणि प्रशिक्षकाला पाच शॉट टेकून मारायला सांगा. जॅकेट वाढत्या अंगाच्या मुलाला नवे घेऊ नका. रेंजवर मोठ्या झालेल्या मुलांची जॅकेट विकाऊ असतातच.

मुलगा किंवा मुलगी वर्षभर पहाटे उठून ड्राय करत असेल, तर त्या घराने रायफलीसाठी पैसे जरूर जमवावेत. तोवर रेंजची फी भरा, पॅलेटचा डबा घ्या आणि भिंतीवर काळा गोल चिकटवा.