टायर व रेक्झिनची निगा : सुरक्षित लेपाची निवड

अक्षय्यतृतीया, म्हणजेच खानदेशची आखाजी, जवळ आली की सुरत येथील उधना, लिंबायत आदी भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाकडे निघतात. व्यारा, सोनगड, नवापूर ही गावे मागे टाकून कोंडाईबारीचा घाट ओलांडावयाचा व साक्री-धुळ्याकडे जावयाचे, असा हा मार्ग आहे. दिवस वैशाखाचे असतात. निघण्यापूर्वी मोटार धुऊन टायरांना काळी चकाकी आणण्याची हौस अनेकांना असते. कोणी त्यासाठी डिझेल वा रॉकेलचा बोळा फिरवितो, तर कोणी जळके ऑइल लावतो. हौस असण्यात गैर काही नाही. परंतु चकाकी म्हणजे सुस्थिती नव्हे. चुकीचा लेप रबराला क्षीण करतो आणि त्याच वेळी त्यावरील भेगा दृष्टीआड करतो. धोका आहे तो येथेच.

रबर का तडकते?

रबरात गंधक मिसळून ते तापविल्यास टिकाऊ बनते, हा शोध चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली लावला. आजच्या टायरमध्ये गंधकाखेरीज काजळी, मेण आणि ओझोनपासून रबराचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. हवेतील ओझोन ताणलेल्या रबरावर आघात करून बारीक भेगा पाडतो. टायर फिरत असताना आतील मेण व संरक्षक द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात व हा आघात थोपवितात. टायरच्या बाजूवर दिसणारी तपकिरी छटा बहुधा याच द्रव्यांची असते. डिझेल, रॉकेल व पेट्रोल रबरात शिरून ते फुगवितात आणि ही संरक्षक द्रव्ये विरघळवून काढतात. क्षणाची चकाकी अशा रीतीने टायरच्या आयुष्यावर बेतते.

बाजारातील लेप

टायर पॉलिश स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. पाण्यावर आधारित लेप सामान्यतः दुधासारखा पांढरट असतो. तो वाळल्यावर फार चिकट राहत नाही. दुसरा प्रकार खनिज तेलापासून काढलेल्या द्रावकाचा. तो बहुधा पारदर्शक व तेलकट असतो, त्यास रॉकेलसारखा वास येतो आणि डब्यावर ज्वालाग्राही असल्याची सूचना असते. पहिला प्रकार निवडणे श्रेयस्कर. सिलिकॉन असलेला प्रत्येक लेप घातक, असा समज आढळतो; तथापि सिलिकॉन कोणत्या द्रवात मिसळले आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

डॅशबोर्ड व बैठका

मोटारीतील रेक्झिन बहुधा पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाईलचे, असते. सुरतजवळील हजिरा येथे पीव्हीसीचे उत्पादन होते. हा पदार्थ मूळचा कडक असून, त्यात मऊपणा आणणारे द्रव्य मिसळण्याची युक्ती वाल्डो सेमन यांना १९२६ साली साधली. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. त्या उष्णतेने हे द्रव्य उडून जाते, काचेवर धुरकट थर बसतो व कालांतराने रेक्झिन तडकते. पेट्रोल, थिनर वा स्पिरिटने पुसल्यास ही हानी लवकर होते. म्हणून पाण्यावर आधारित, चकाकी न आणणारा लेपच वापरावा. चकचकीत डॅशबोर्डाचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून चालकाचे डोळे दिपतात. मोटार सावलीत उभी करणे हा याहूनही स्वस्त उपाय होय.

लावण्याची रीत

१. टायर थंड असताना सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यावा.
२. लेप फडक्यावर घेऊन टायरच्या केवळ बाजूस पातळ लावावा व उरलेला पुसून काढावा.
३. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर किंवा ब्रेकच्या चकतीवर लेपाचा थेंबही पडू देऊ नये.
४. सुकाणू, पायातील पट्ट्या व चालकाची बैठक यांना लेप लावू नये, पकड सुटते.
५. दुचाकी वळणावर कलते व टायरच्या कडेवर धावते. तिच्या टायरांना लेप लावूच नये.

शाळेत करून पाहावे

शिक्षकांनी दोन सारखे रबरबँड घ्यावेत. एक पाण्यात व दुसरा रॉकेलमध्ये एक दिवस ठेवावा. रॉकेलमधील रबर फुगून नरम झालेले विद्यार्थ्यांस स्पष्ट दिसेल. प्रयोग शिक्षकांनी स्वतः हाताळावा व जवळपास ज्योत नसावी.

लेपापूर्वी तपासणी

लेप लावण्याआधी धुतलेला टायर उजेडात न्याहाळावा. खोल भेग किंवा फुगवटा दिसल्यास कोणताही लेप उपयोगाचा नाही, टायर बदलावा. टायरवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नक्षीची खोली मोटारीस किमान १.६ मिलिमीटर व दुचाकी-तीनचाकीस ०.८ मिलिमीटर असावी लागते. हवेचा दाब थंड टायरात मोजावा. कमी हवा आणि जादा भार यांनी टायर तापून फुटतो.

ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. आखाजीला माहेरी निघालेली लेक सुखरूप पोहोचावयाची, तर टायर चकाकण्यापेक्षा तो शाबूत असणे अधिक अगत्याचे.